फूट मोजले, पाणी मोजलं का?

"कितीक फूट गेलं?"

रात्री अकरा वाजता बांधावर उभ्या असलेल्या बारा-पंधरा माणसांच्या तोंडी हा एकच प्रश्न होता. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बदनापूर तालुक्यातलं आमचं गाव, चुलतभावाची, म्हणजे दादाची, मोसंबीची बाग. बोअरची गाडी तामिळनाडू पासिंगची, गाडीवरची पोरं छत्तीसगडची. कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बोअरच्या तोंडातून पांढरा फुफाटा उडत होता आणि मोसंबीच्या पानांवर पिठासारखा बसत होता. वीस फुटांचा एक रॉड खाली गेला, की एक पोरगा गाडीच्या पत्र्यावर खडूने रेघ मारायचा. दादा त्या रेघा मोजत होता. वहिनी पूजेचं ताट घेऊन तास-दीड तास तशीच उभी होती.

२२० फुटांवर फुफाटा ओला झाला. मग चिखल आला, मग राखाडी पाण्याची धार. "लागलं, लागलं!" वहिनीने डोळे पुसले. ड्रिलर म्हणाला, दोन इंच आहे. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अजून जाऊ द्या दादा, खाली नुसतं पाणीच पाणी आहे." दादा आणखी नऊ रॉड गेला. ४०० फूट झाले. धार होती तेवढीच राहिली. बिल मात्र फुटांवर होतं, आणि दर शंभर फुटांना भाव चढता होता.

तिसऱ्या दिवशी साडेसात एचपीची सबमर्सिबल आली. साडेसातच का? "शेजारची साडेसातची आहे, मग आपली कमी कामून घ्यायची?" तीन आठवड्यांत मोटार जळाली. रिवायंडिंग करून आणली, पुन्हा उतरवली, पुन्हा जळाली. तोवर स्टार्टरच्या पेटीच्या दाराला, आतल्या बाजूने, ऑइल पेंटने रिवायंडिंगवाल्याचा मोबाइल नंबर लिहून झाला होता.

त्या महिन्याभरात आम्ही फूट मोजले, रॉड मोजले, नोटा मोजल्या, एचपी मोजली. पाणी कुणी मोजलं नाही. माझं आजचं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे.

०

आमचे आजोबा विहिरीची खोली परसात सांगायचे. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. विहीर आठ परस असो की दहा, तिच्या काठावर वाकून बघता यायचं. झरा कुठल्या कोपऱ्यातून येतो, वैशाखात तो किती बारीक होतो, मोट किती वेळ चालली की तळ दिसतो, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असायचं. विहीर स्वतःच आपला हिशेब दाखवायची.

बोअर काही दाखवत नाही. साडेसहा इंचांचं भोक, आत अंधार. तिथे डोळ्याचं काम मोजमापानेच करावं लागतं. आपण विहीर सोडून बोअरकडे आलो, पण डोळ्याच्या जागी दुसरं काही आणलं नाही. अंदाज आणला, शेजाऱ्याची बरोबरी आणली आणि "खाली पाणीच पाणी आहे" ही समजूत आणली.

ही समजूत आधी मोडली पाहिजे. आपल्या पायाखाली बसाल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा दगड. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मध्येच कुठे लाल गेरूचा पट्टा, पुन्हा मांजऱ्या. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड काळ्या पाषाणात पाणी राहायला जागाच नसते. खाली नदी वाहत नाही, धरण नाही, समुद्र तर नाहीच. जितकं खोल जावं तितक्या भेगा साधारणपणे विरळ आणि आवळलेल्या होत जातात. कधी कुणाला सहाशे फुटांवर पाणी लागतं. त्या एकाची गोष्ट दहा गावं सांगतात. ज्या पन्नास जणांना नुसता फुफाटा मिळाला, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

आता आमच्या त्या शेवटच्या नऊ रॉडांचा हिशेब ऐका. साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे: साडेसहाला साडेसहा. म्हणजे १८० फुटांत मावतं बाराशे लिटरच्या आत. दोनशे लिटरचे सहा ड्रम. नवा झरा लागलाच नाही, तेव्हा सहा ड्रम पाणी साठवायला आम्ही बोअरचे सगळ्यात महाग फूट विकत घेतले. तेवढ्या पैशात सिमेंटची टाकी बांधून झाली असती.

कायद्याचंही एक माप आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा, लागू झाला जून २०१४ पासून. ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल गेली की ती 'खोल विहीर'. शेतीसाठी अशी खोल खोदाई होऊ नये, हे त्या कायद्याचं सांगणं. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घ्यायची नाही, हे तर १९९३ पासूनचं. आमचा बोअर ४०० फूट गेला. नियम आम्ही मोडला आणि विचारायला कुणी आलं नाही. तालुक्याच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या रिगच्या गाड्या उभ्या असतात. गाडी लपत नाही, तिचा आवाज लपत नाही. त्या आवाजाने फक्त कायदा जागा होत नाही.

०

जागा कशी निवडली? पाणाड्याने. तळहातावर नारळ आडवा धरून रानभर फिरला. नारळ उभा राहिला तिथे चुन्याची फुली मारली.

जुन्या पाणाड्यांपाशी निरीक्षण असायचं, हे मी मानतो. उंबर कुठे वाढलंय, वारूळ कुठे आहे, उन्हाळ्यातही कुठला बांध हिरवा राहतो, हे ते बघत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त झाडं आणि वारुळं बघून पाणी शोधण्यावर एक अख्खा अध्याय आहे. बघण्यातून मिळालेलं ते शहाणपण आहे. नारळाला मात्र खडक कळत नाही. पाणी लागलं तर पाणाड्याचा हातगुण, नाही लागलं तर आपलं नशीब, असा हिशेब असेल तर पाणाड्या कधी चुकणारच नाही. एका पाणाड्याच्या शंभर पॉइंटांपैकी किती कोरडे गेले, याची वही मला एकाही गावात बघायला मिळालेली नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा म्हणून सरकारचं एक खातं आहे. तिथे भूवैज्ञानिक असतात. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून, वीज सोडून, खडक तिला किती अडवतो हे मोजणारं यंत्र त्यांच्याकडे असतं. ओला मुरूम कमी अडवतो, कोरडा पाषाण जास्त. त्यावरून थरांचा अंदाज बांधता येतो. तोही अंदाजच, पण त्याला पाया आहे. आणि हे करण्याआधी फुकटात होणारं एक काम आहे. आपल्या रानाभोवतीच्या दहा विहिरी आणि दहा बोअर फिरून बघा. किती फुटांवर पाणी लागलं, मुरूम कितीपर्यंत आहे, उन्हाळ्यात काय उरतं आणि किती बोअर कोरडे गेले, हे मालकांना विचारून लिहा. एका सकाळीत ही वही भरते. लाखाचा खर्च करायला निघालेल्या माणसाला एक सकाळ जड नाही.

०

आता 'दोन इंच' म्हणजे काय, ते बघू. इथे सगळ्यात मोठी फसगत होते, आणि ती कुणी मुद्दाम केलेली नसते.

ड्रिलर सांगतो ते इंच खाचेचे. बोअरमधून निघालेलं पाणी चिखलाच्या पाटातून वळवतात, पाटात इंग्रजी व्ही अक्षराच्या काटकोनी खाचेची पत्र्याची पट्टी रोवतात आणि खाचेतून पाणी किती उंच वाहतं ते बघतात. त्या मापाने एक इंच म्हणजे ताशी सुमारे ५०० लिटर. दोन इंच म्हणजे हजार होतील असं कुणालाही वाटेल. होतात २,९०० च्या आसपास. तीन इंच म्हणजे ८,०००. खाच वर रुंद होत जाते, म्हणून एकेका इंचाने पाणी पटींनी वाढतं. उतरतंही तसंच. उन्हाळ्यात दोन इंचांचं एक इंच झालं, तर पाणी निम्मं झालं असं समजू नका. ते पाचव्या हिश्शाच्याही खाली आलेलं असतं.

दादाने मात्र 'दोन इंच' ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे दोन इंची पाइप भरून पडणारी धार उभी राहिली. तशी धार ताशी दहा हजार लिटरच्या घरात जाते. बोअरची ऐपत तीन हजारांची, मनातलं चित्र दहा हजारांचं. पंप घेतला तो मनातल्या चित्राला.

पाणी मोजायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. दोनशे लिटरचा एक ड्रम, मोबाइलमधलं घड्याळ, वजन बांधलेली दोरी आणि एक वही बास. पंप सुरू करा. ड्रम किती वेळात भरतो ते लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा लिहा. तीन-चार तास हेच करा. सोबत बोअरमधली पाण्याची पातळी दोरीने बघत राहा. पातळी उतरतच राहिली तर कॉक थोडा दाबून धार कमी करा. ज्या धारेला पातळी एका जागी टिकते, ती धार म्हणजे तुमच्या बोअरची खरी कमाई. पंप उतरवतानाच पाइपाला अर्धा इंची नळी बांधून आत सोडली, तर दोरी त्या नळीतून कधीही खाली जाते, केबलीत अडकत नाही. आणि हे सगळं उन्हाळ्यात करायचं. श्रावणात बोअर चांगलंच पाणी दाखवतो. वैशाखात दाखवतो ते खरं.

०

आता पंपाकडे या.

आमच्या बोअरमध्ये पाण्याची पातळी ९० फुटांवर होती, मोटार सोडली होती ३७० फुटांवर. मधल्या २८० फुटांत साठलेलं पाणी अठराशे लिटर. साडेसातचा पंप ताशी बारा हजार लिटरच्या आसपास उचलत होता, झरा देत होता तीन हजार. म्हणजे दर तासाला नऊ हजारांची तूट. अठराशे लिटरची शिल्लक अशा तुटीत किती वेळ टिकणार? बारा मिनिटं. बारा मिनिटं धार जोरात पडायची, दादाचं मन भरून यायचं, मग पाइपातून हवा, खोकल्यासारखी धार, पुन्हा हवा.

सबमर्सिबलची मोटार पाण्यातच का ठेवतात? भोवतीनं वाहणारं पाणी तिची उष्णता घेऊन जातं म्हणून. पाणी तुटलं की मोटार तापते, वाइंडिंगचं इन्सुलेशन वितळतं, मोटार जाते. कंपनी वाईट होती, व्होल्टेज कमी होतं, मेकॅनिकने नीट बांधली नाही, असं आपण म्हणतो. या गोष्टी खऱ्या असू शकतात. पण ताशी तीन हजार देणाऱ्या बोअरमध्ये बारा हजार ओढणारी मोटार कुठल्याही कंपनीची असती तरी जळालीच असती.

पंप निवडायचा तो दोन आकड्यांवर. पहिला आकडा पाण्याचा: बोअर किती देतो. दुसरा उंचीचा, म्हणजे हेडचा: पंप चालू असताना पाणी जिथे टिकतं तिथून टाकीच्या तोंडापर्यंतची चढण, आणि त्यावर पाइपातल्या घर्षणासाठी साधारण दहा टक्के. आमच्या बोअरला पातळी उन्हाळ्यात २८० फुटांपर्यंत उतरेल असं धरलं, वरची टाकी आणि घर्षण मिळवलं, तर हेड आलं ३३० फूट, म्हणजे शंभर मीटर. शंभर मीटरवर ताशी तीन हजार लिटर. याला तीन एचपी पुरते. साडेसातची गरजच नव्हती.

दुकानात गेलं की पंपाच्या प्लेटवर दोन मोठे आकडे असतात: जास्तीत जास्त हेड आणि जास्तीत जास्त पाणी. आपण दोन्ही एकदम मिळणार असं धरून चालतो. तसं होत नाही. हेड वाढलं की पाणी कमी होतं, पाणी जास्त हवं तर हेड कमी. त्यामुळे विचारायचं ते असं: "मला शंभर मीटरवर ताशी तीन हजार लिटर हवंय. तेवढ्या हेडला हा पंप किती देतो? किती स्टेजचा आहे? तक्ता दाखवा." आयएस ८०३४ हे सबमर्सिबल पंपांचं भारतीय मानक आहे. ती खूण आणि तो तक्ता बघितल्याशिवाय पैसे काढू नका. पंप तळाला टेकवू नका, तळाशी गाळ असतो. पॅनलमध्ये पाणी तुटल्यावर आपोआप बंद करणारा ड्राय-रनचा आणि फेज गेल्यावर तोडणारा बंदोबस्त हवाच. हा खर्च एका रिवायंडिंगपेक्षा जास्त नसतो.

आणि ती 'ऑटो'ची चावी. लाइट येताच पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून प्रत्येकाने पेटीत ती बसवून घेतली आहे. लाइट आली की एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. मग डीपी जळते आणि पंधरा दिवस कुणाच्याच रानात पाणी नाही. पाळीने दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सुरू करायचं गावाने ठरवलं तर एक पैसा लागत नाही.

०

सरकारही पाणी मोजत नाही, याचा मला जास्त राग आहे.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंप मिळतो तो जमिनीवर. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे. सौरपंपाने शेतकऱ्याची रात्रपाळी वाचते. थंडीत, विंचू-सापांच्या भीतीत दारं धरायला जाणं वाचतं. ही मोठी गोष्ट आहे, तिला मी हात लावणार नाही. पण सहा एकरवाल्याच्या बोअरला एक इंच पाणी असेल आणि दोन एकरवाल्याच्या विहिरीला अखंड झरा असेल, तर साडेसात कुणाला आणि तीन कुणाला? सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, तिच्या पाण्याची नसते. अर्जासोबत आधार लागतं, सातबारा लागतो. बोअर ताशी किती लिटर देतो, याचा एक कागद का लागू नये? कृषी सहायकाने ड्रम आणि घड्याळ घेऊन एक तास उभं राहायचं एवढाच त्याचा खर्च.

वीज फुकट आणि ऊन फुकट झालं, की पंप थांबवायला एकच कारण उरतं: बोअरमधलं पाणी संपणं. तोवर तो शेजाऱ्याच्या विहिरीतलंही ओढतो. जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आपण आहोत, चीन आणि अमेरिकेच्या एकत्र उपशापेक्षाही जास्त. हा आकडा दिल्लीत बसून तयार झालेला नाही. तो आपल्याच बांधावरच्या स्टार्टरांची बेरीज आहे.

०

पंप मोजूनमापून घडवायचा, हे ज्ञान आपल्या जालना जिल्ह्याला नवं नाही.

साठच्या दशकात खडकात बोअर घेणारी यंत्रं आली आणि गावोगाव हातपंप बसू लागले. ते पंप होते बिडाचे, एका कुटुंबाच्या परसदारी चालावेत असे. त्यांच्यावर अख्खं गाव लागलं. दिवसभर दांडा वर-खाली. पंप मोडायला लागले. १९७४ मध्ये युनिसेफने पाहणी केली, तेव्हा चारांतले तीन पंप बंद सापडले. बोअर होते, पाणी होतं, पंप त्या कामाचा नव्हता.

याच दुखण्यावर जालन्यात काम झालं. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जालन्यातल्या मिशनने बिडाऐवजी पोलादाचा, एकाच बिजागरीवर फिरणाऱ्या दांड्याचा आणि आतली सळई साखळीने उचलणारा हातपंप तयार केला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला जातो. ती वाट पुढे सोलापूरला गेली, 'सोलापूर पंप' झाला, आणि त्याच्या पायावर भारत सरकार आणि युनिसेफने सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' उभा केला. आज आफ्रिकेतल्या कितीतरी खेड्यांत बाया त्या पंपावर पाणी भरतात. बदनापूरच्या जुन्या शाळेपुढे जो हिरवा-निळा दांडा दिसतो, त्याच्या घराण्यात जालन्याचं नाव आहे.

त्या लोकांनी काय केलं? पंपावर किती माणसं येतात, पाणी किती खोल आहे, दांडा दिवसातून किती वेळा हलतो, हे आधी बघितलं. मग पंप घडवला. ज्या जिल्ह्याच्या नावाचा पंप झाला, त्या जिल्ह्यात आज पंप शेजाऱ्याकडे बघून घेतला जातो, हे मला सोसत नाही.

०

कोरड्या बोअरचं एक बोलायचं राहिलं, आणि ते सगळ्यात तातडीचं आहे.

बोअर फेल गेला की लोक केसिंग उपसून नेतात. पाइप पुन्हा कामाला येतो, दोन पैसे वाचतात. मागे उरतं ते साडेसहा इंचांपासून सुरू होऊन कडा ढासळत रुंद होत जाणारं भोक. त्यावर कुणी पोतं टाकतं, कुणी दगड ठेवतं. पावसाळ्यात गवत वाढतं आणि भोक दिसेनासं होतं. जुलै २००६ मध्ये हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा असाच साठ फूट खाली गेला आणि लष्कराने त्याला जिवंत काढला. सगळ्यांच्या नशिबी ते येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नियम घालून दिले: बोअर घेण्याआधी पंधरा दिवस लेखी कळवणं, काम चालू असताना कुंपण आणि पाटी, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा, तोंडाला पक्कं झाकण, आणि बोअर सोडून द्यायचा असेल तर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून काढणं.

हे वाचून झालं की आपल्या रानातला जुना कोरडा बोअर आठवा. उद्या सकाळी जाऊन तो भरा. लेकरू कुणाचंही असो.

०

मोजलं की काय होतं, हेही जवळच बघायला मिळतं. शेजारच्या जालना तालुक्यातलं कडवंची. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र चालवणाऱ्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या साथीने, तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवलं गेलं. बांधबंदिस्ती झाली, शेततळी झाली. त्या पाण्यावर गावाने द्राक्षबागा उभ्या केल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सरपंच पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं ठरवलं आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवायची रीत घातली. आमच्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखी लवकर निघणारी तूर दिली. साधारण दीडशे-एकशे पंचावन्न दिवसांत ती हाती येते, परतीच्या पावसाने दगा दिला तरी जगण्याची उमेद ठेवते. या तिन्ही ठिकाणी पाणी किती आहे याला आधी मान मिळाला, पीक मागून आलं.

२०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा सरपणाच्या भावात गेल्या. वाढवलेलं झाड तोडताना बाप पाठ फिरवून उभा राहायचा. त्या वर्षी कुणाचाही पंप कमी एचपीचा नव्हता.

०

मोटार दुसऱ्यांदा जळाली तेव्हा मी दादाला म्हणालो, "आता मोटार उतरवायच्या आधी एक दिवस मला दे."

आम्ही रिवायंडिंग केलेली तीच मोटार सोडली, कॉक निम्म्यापेक्षा जास्त दाबला आणि ड्रम लावला. पहिल्या तासात कॉक तीनदा हलवावा लागला. दुपारी दोनच्या सुमाराला पातळी एका जागी थांबली. ड्रम भरायला लागली चार मिनिटं. ताशी तीन हजार लिटर. दादा बराच वेळ ड्रमच्या काठाला हात लावून उभा होता. मग म्हणाला, "एवढंच हाय का आपलं?"

एवढंच आहे. पण एवढं आठ तास चाललं तर चोवीस हजार लिटर. मोठ्या झाडाला ठिबकने दिवसाला शंभर लिटर धरलं, तर २४० झाडं. सहा बाय सहा मीटरवर लावलेली बाग दोन एकरांहून थोडी जास्त. दादाची बाग आहे दोन एकर. म्हणजे पाणी पुरत होतं. पुरत नव्हती ती बारा मिनिटांची घाई.

साडेसातची मोटार विकून तीन एचपी आणली, ३०० फुटांवर सोडली. धार बारीक पडते, पण तुटत नाही. पावसाळ्यात शेजारच्या ओघळीचं पाणी खड्ड्यात वळवून, दगड, खडी, वाळूतून गाळून बोअरमध्ये सोडायचं कामही केलं.

भूजल खातं राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतं: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. दादानेही त्याच चार महिन्यांत दोरी सोडायचं ठरवलं आहे. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा स्टार्टरची पेटी उघडून बघितली. दारावर रिवायंडिंगवाल्याचा नंबर अजून आहे. त्याच्या खाली वहिनीच्या अक्षरात तीन ओळी आल्या आहेत. तारीख, पाणी किती फुटांवर, ड्रम किती मिनिटांत. चौथ्या ओळीची जागा तिने रेघ मारून मोकळी ठेवली आहे.